सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र (मरणोत्तर): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी 16 डिसेंबर जवळ आला की अरुण खेत्रपालचा फोटो मोबाईलवर फिरायला लागतो, खाली दोन ओळी असतात, "वय फक्त 21" आणि "दहा टँक उडवले", आणि मग लोक विचारत बसतात की हे नक्की कुठे झालं, कशासाठी झालं, आपल्या पुण्याचा याच्याशी काय संबंध. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. टँकच्या आकड्यावरच सगळ्यांचं बोलणं अडकतं, मला मात्र त्या पोराने शेवटच्या काही मिनिटांत डोकं शांत ठेवून जो हिशोब केला तो जास्त मोठा वाटतो, म्हणून खाली त्यावरच जरा जास्त लिहिलंय.

अरुण खेत्रपाल कोण होता, थोडक्यात सांगा ना

जन्म 14 ऑक्टोबर 1950, पुणे. वडील एम. एल. खेत्रपाल आर्मीत इंजिनियर कोअरचे अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणंच सैनिकांचं. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेत होते आणि चिलियांवालाला इंग्रजांविरुद्ध लढले होते, आजोबा पहिल्या महायुद्धात होते. अरुण शिकला सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये, तिथून 1967 ला खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मग डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमी), आणि 13 जून 1971 ला 17 पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. 16 डिसेंबर 1971 ला भारत-पाकिस्तान युद्धात, बसंतरच्या रणगाडा लढाईत गेला. म्हणजे नोकरी झाली जेमतेम सहा महिने.

मग तो पुणेकर म्हणायचा का?

जन्म पुण्याचा, पण कुटुंब मूळचं पंजाबातलं, फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या सरगोधा भागातलं, आणि आर्मीवाल्यांच्या घराला एक गाव नसतंच, दर दोन-तीन वर्षांनी बदली. त्यामुळे ओढूनताणून पुणेकर करायची काही गरज नाही. पण महाराष्ट्राशी नातं खरंच आहे आणि ते बऱ्याच लोकांना माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. जन्म पुण्यात, एनडीएची तीन वर्षं खडकवासल्याला, रेजिमेंटच्या नावात पुणे, युद्धाची बातमी आली तेव्हा पोरगा ट्रेनिंगला नगरला, आणि आज त्याचा टँक उभा आहे तोही नगरलाच. आणखी किती जवळचा पाहिजे.

पूना हॉर्स म्हणजे पुण्याची रेजिमेंट का?

सुरुवात इथलीच. 1817 ला दुसऱ्या बाजीरावाबरोबर इंग्रजांनी पुण्याचा तह केला, त्यातून जे घोडदळ उभं राहिलं तिथपासून ही रेजिमेंट आपला इतिहास मोजते. म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी. पुढे घोडे गेले, टँक आले, नाव मात्र पुण्याचंच राहिलं. आज ती काही मराठी जवानांची पलटण नाही आणि पुण्यात कायमची मुक्कामालाही नाही, हे आपलं सांगून ठेवतो कारण त्यावरून दरवेळी वाद होतो.

या एकाच रेजिमेंटमध्ये दोन परमवीर चक्रं आहेत. पहिलं 1965 चं, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं, तेही मरणोत्तर. तारापोर जन्मले मुंबईत, शाळा पुण्याची. सियालकोट आघाडीवर फिलोरा आणि चविंडाच्या रणगाडा लढाईत ते जखमी असूनही मागे गेले नाहीत आणि 16 सप्टेंबर 1965 ला त्यांना वीरमरण आलं. अरुण रेजिमेंटमध्ये आला तेव्हा या गोष्टीला सहाच वर्षं झालेली, तारापोर साहेबांच्या हाताखाली लढलेली माणसं अजून तिथेच होती. नवीन आलेल्या पोरावर याचा काय परिणाम होत असेल ते सांगायला नको.

युद्ध सुरू झालं तेव्हा तो कुठे होता?

नगरला (आता अहिल्यानगर). आर्मर्ड कोअरच्या नवीन अधिकाऱ्यांना तिथे यंग ऑफिसर्स कोर्स करावा लागतो, तो चालू होता. युद्धाची चिन्हं दिसायला लागली तसं पोरांना कोर्स अर्धवट सोडून आपापल्या रेजिमेंटला परत पाठवलं. जाताना तो दिल्लीला घरी थांबला आणि सामानात गोल्फ खेळायच्या काठ्या आणि समारंभाचा निळा युनिफॉर्म भरला. घरच्यांनी विचारलं हे कशाला, तर म्हणे लाहोरला गोल्फ खेळणार, आणि युद्ध जिंकल्यावर डिनर होईल तेव्हा चांगले कपडे नकोत का. त्याच्या भावाने आणि आईवडिलांनी ही गोष्ट नंतर बऱ्याच वेळा सांगितली आहे.

मला ही गोष्ट फार आवडते कारण तो अगदी आपल्या कॉलेजातल्या पोरासारखाच वाटतो, उत्साही, थोडा जास्तच कॉन्फिडन्ट, बॅग भरताना मजा करणारा. आईने निरोप देताना सांगितलं की तुझे आजोबा लढले, वडील लढले, वाघासारखा लढून ये. त्या माउलीने हे शब्द पुढे आयुष्यभर कसे झेलले असतील याचा विचार करवत नाही.

बसंतर कुठे आहे आणि तिथे लढायचं कारण काय?

नकाशा काढून बघा, त्याशिवाय समजणार नाही. जम्मू आणि पठाणकोटच्या मध्ये पाकिस्तानचा एक तुकडा आपल्या हद्दीत पोटासारखा पुढे आलाय, त्याला शकरगढचा फुगवटा म्हणतात. पंजाबातून जम्मूला जाणारा आपला रस्ता याच्या अगदी जवळून जातो. तिथून पाकिस्तानने मुसंडी मारली असती तर जम्मू-काश्मीरला जोडणारा रस्ताच तुटला असता. म्हणून आपल्या सैन्याने वाट न बघता स्वतःच आत घुसायचं ठरवलं. बसंतर ही त्या भागातली नदी, सांब्याकडून खाली येते आणि रावीला मिळते. फार मोठी नदी नाही, पण दोन्ही बाजूंनी सुरुंगच सुरुंग पेरलेले, म्हणजे पाण्यापेक्षा जमिनीचीच भीती.

पूना हॉर्स तेव्हा 54 डिव्हिजनच्या 47 ब्रिगेडबरोबर होती आणि रेजिमेंटचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग.

15 डिसेंबरच्या रात्री काय झालं?

पायदळाने रात्री नऊच्या सुमारास नदीपलीकडे पाय रोवले. आता टँक पलीकडे न्यायचे तर सुरुंगांमधून रस्ता पाहिजे, तो करायचं काम इंजिनियर लोकांचं, आणि ते अजून अर्ध्यावरच होतं. तेवढ्यात पलीकडच्या आपल्या पायदळाला पाकिस्तानी टँकची हालचाल जाणवायला लागली. पायदळाकडे टँकसमोर टिकायला फारसं काही नसतं, म्हणून टँक ताबडतोब पाठवा असा निरोप आला.

आणि पूना हॉर्सने ठरवलं की उरलेला सुरुंगांचा पट्टा साफ व्हायची वाट बघायची नाही, तसंच जायचं. अंधारात, एकामागोमाग एक, पन्नास टनांच्या आसपासचे सेंच्युरियन टँक न साफ केलेल्या माइनफील्डमधून गेले आणि पहाटेपर्यंत पायदळाला जाऊन मिळाले. 16 तारखेच्या लढाईबद्दल सगळे बोलतात, पण ही रात्र झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. इंजिनियर लोकांचंही नाव कोणी घेत नाही, 9 इंजिनियर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी या सुरुंगांच्याच कामात गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र आहे.

16 डिसेंबरच्या सकाळी नक्की काय घडलं?

सकाळी आठच्या सुमारास धुराच्या आडून पाकिस्तानचा पहिला हल्ला आला, जरपाल गावाच्या बाजूला. समोर होती त्यांची 13 लान्सर्स ही रणगाडा रेजिमेंट, अमेरिकन पॅटन टँकवाली. तिथे पूना हॉर्सची बी स्क्वाड्रन (रेजिमेंटमधली टँकची एक तुकडी) होती, समोरचे टँक संख्येने जास्त, म्हणून बी स्क्वाड्रनच्या कमांडरने वायरलेसवर कुमक मागितली. अरुण होता ए स्क्वाड्रनमध्ये, जवळच. हाक ऐकली आणि आपला ट्रूप, म्हणजे स्क्वाड्रनमधली छोटी तुकडी, घेऊन निघाला.

वाटेत शत्रूचे मोर्चे होते, तिथून रिकॉइललेस गनचा (टँक फोडणारी तोफ) मारा सुरू झाला. थांबून बसायला वेळ नव्हता म्हणून तो सरळ त्या मोर्च्यांवरच चालून गेला, ते तुडवले, पिस्तूल रोखून तिथले सैनिक आणि हत्यारं ताब्यात घेतली. यात त्याच्या ट्रूपमधल्या एका टँकचा कमांडर मारला गेला. तरी तो थांबला नाही. बी स्क्वाड्रनजवळ पोचला तर शत्रूचे टँक मागे सरकत होते, त्यांचा पाठलाग करून एक उडवला.

मग शत्रू नीट जुळवाजुळव करून परत आला, या वेळी पूर्ण स्क्वाड्रन घेऊन, आणि जिथे आपले फक्त तीन टँक होते नेमका तिथेच जोर लावला. त्या तीन टँकवर होते कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण. पुढे जे झालं ते अगदी जवळून झालेलं टँकयुद्ध आहे, दोन्हीकडून समोरासमोर गोळे. अहलावतचा टँक लागला, ते जखमी झाले. मल्होत्रांच्या टँकची गन बंद पडली. म्हणजे तिघांपैकी मारा करू शकणारा एकच टँक उरला, अरुणचा. तोही लागलेला, पेटलेला, आणि अरुण स्वतः गंभीर जखमी.

वायरलेसवर त्याला सांगितलं गेलं की टँक सोड, बाहेर ये. त्याचं उत्तर असं होतं की नाही सर, मी टँक सोडणार नाही, माझी गन अजून चालू आहे, यांना सोडणार नाही. त्यानंतर त्याने आणखी एक टँक उडवला, तो त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. शंभर मीटर म्हणजे शाळेत धावण्याची शर्यत असते तेवढं अंतर, आणि दोन्ही टोकांना टँक. मग दुसरा गोळा लागला आणि त्यात तो गेला.

पण त्याच्या बाजूने शत्रूचा एकही टँक पलीकडे गेला नाही.

नक्की किती टँक उडवले? कुठे चार लिहितात, कुठे दहा

दोन्ही आकडे खरे आहेत पण वेगवेगळ्या गोष्टीचे. त्या मुख्य चकमकीत शत्रूचे दहा टँक पडले, हे तिघांनी मिळून. त्यातले चार अरुणच्या नावावर आहेत. "एकट्याने दहा टँक" असा मेसेज आला की प्लीज पुढे पाठवू नका. चार टँक हा आकडा काही लहान नाही, त्याला फुगवायची गरज नाही, आणि फुगवला की मल्होत्रा-अहलावत यांचा वाटा पुसला जातो.

टँक सोडायला सांगितलं होतं, मग त्याने ऑर्डर मोडली असं नाही का होत?

हा प्रश्न कॉलेजातली मुलं हमखास विचारतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

टँक लागल्यावर बाहेर या हे सांगणं त्याचा जीव वाचवण्यासाठी होतं. वरिष्ठ दूर होते, त्यांना वायरलेसवर जे कळतं तेवढंच कळतं. अरुणला समोर दिसत होतं की बाकीचे दोन टँक मारा करू शकत नाहीत, शत्रू फुटलाय पण अजून पुढे येतोय, आणि आपण उतरलो तर या बाजूला अडवणारं कोणीच राहत नाही. मागे नदी, नदीकाठी आपलं पायदळ, आणि टँक आत घुसले तर रात्रभर जिवावर उदार होऊन मिळवलेली ती जागा हातची गेली असती. परमवीर चक्राच्या मानपत्रातही हेच कारण दिलंय, की त्याने टँक सोडला असता तर शत्रू फळी फोडून आत आला असता हे त्याला समजलं होतं.

लोक याला जोश म्हणतात, जवानीचा आवेश म्हणतात. जोश सकाळी पाठलाग करताना होता, ते मानपत्रातही आहे. पण शेवटी जे केलं त्यात आवेशापेक्षा विचार जास्त दिसतो, पोराने तीन गोष्टींचा ताळा केला, गन चालू आहे का, चालू आहे, दुसरं कोणी आहे का, नाही, शत्रू थांबलाय का, नाही, मग मी इथेच. सहा महिन्यांच्या नोकरीत, जखमी असताना, पेटलेल्या लोखंडी पेटीत बसून हा हिशोब बरोबर करणं, याला मी शौर्य म्हणतो. सैन्यानेही त्याला ऑर्डर मोडणं मानलं नाही, देशातला सगळ्यांत मोठा शौर्य पुरस्कार दिला.

टँकमध्ये तो एकटाच होता का?

नाही, आणि ही गोष्ट कायम राहून जाते. सेंच्युरियन टँकमध्ये चार जण असतात, कमांडर, गनर, लोडर जो वायरलेसही सांभाळतो, आणि ड्रायव्हर. अरुणच्या टँकवर ड्रायव्हर होता सवार प्रयाग सिंग, गनर सवार नथू सिंग, आणि वायरलेसवर सवार नंद सिंग. नंद सिंगलाही याच लढाईत वीरमरण आलं. अरुणबद्दल लिहिताना ही तीन नावं पण लिहा, एक ओळ लागते फक्त. टँकचं नाव होतं "फामागुस्ता".

त्याच दिवशी तर ढाका पडलं ना?

हो, तोच दिवस. 16 डिसेंबरला दुपारी ढाक्यात (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडेही युद्धबंदी झाली. अरुण सकाळी गेला. त्याच्यावर 17 डिसेंबरला सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले, आणि घरच्यांना कळलं ते 26 डिसेंबरला. मधले ते दिवस सगळा देश आनंदात होता आणि खेत्रपालांच्या घरी पोरगा आता येईल म्हणून वाट बघणं चाललं होतं.

परमवीर चक्र मरणोत्तर देतात म्हणजे कोणाला देतात?

जवळच्या नातेवाईकाला. अरुणचं पदक त्याच्या आईने, महेश्वरी खेत्रपाल यांनी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हातून घेतलं. आत्तापर्यंत 21 जणांना परमवीर चक्र मिळालंय, त्यातले 14 मरणोत्तर. युद्धातल्या शौर्यासाठी परमवीर, मग महावीर, मग वीर चक्र अशी उतरंड आहे, अशोक चक्र, कीर्ती आणि शौर्य चक्र ही वेगळी, ती शत्रूसमोरच्या लढाईखेरीजच्या शौर्यासाठी. या दोन्हींची गल्लत पेपरवाले सुद्धा करतात.

पदकाचं डिझाईन मात्र आपल्या सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने स्विस, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या, मराठी, संस्कृत शिकल्या. पदक ब्राँझचं, मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राचं वज्र चार वेळा, दधीची ऋषींनी आपल्या हाडांचं वज्र करायला दिलं ती कथा आपल्याला माहीतच आहे. रिबन साधी जांभळी, त्यावर काहीच नाही. इतकं साधं पदक.

सगळ्यांत तरुण परमवीर तोच का?

त्या वेळी होता. 1999 ला कारगिलमध्ये ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव यांना मिळालं तेव्हा ते 19 वर्षांचे होते, त्यामुळे आता सगळ्यांत तरुण ते. अधिकाऱ्यांमध्ये अजूनही अरुणच.

त्या लढाईत अजून कोणाला पुरस्कार मिळाला?

3 ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग यांना जरपालच्याच लढाईसाठी परमवीर चक्र, आणि ते हयात असताना. एका लढाईत दोन परमवीर. हनूत सिंग यांना महावीर चक्र, ते पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

ज्याच्या हातून अरुण गेला तो अधिकारी वडिलांना पाकिस्तानात भेटला ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 2001 मध्ये ब्रिगेडियर खेत्रपाल 81 वर्षांचे होते आणि मरायच्या आधी एकदा सरगोधाचं आपलं जुनं घर बघायची इच्छा होती. लाहोरला त्यांची व्यवस्था निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्याकडे होती. नासेर आणि त्यांच्या घरच्यांनी इतकं अगत्य केलं की म्हाताऱ्या ब्रिगेडियरना आश्चर्य वाटलं. शेवटच्या रात्री नासेरनी सांगितलं की 16 डिसेंबरला 13 लान्सर्समध्ये मी होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तेव्हा ते स्वतः मेजर होते, त्यांनाही माहीत नव्हतं की समोरचा इतका लहान आहे.

वडील काय बोलले असतील? एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाचं ऐकून घेतलं, इतकंच. त्या घरात पाहुणे म्हणून बसलेले, राग करावा तर कोणावर, त्याने आपलं काम केलं, यानेही आपलं केलं. पुढे नासेरनी एक फोटो पाठवला त्यावर लिहून दिलं की 13 लान्सर्सच्या हल्ल्याचं यश आणि अपयश यांच्या मध्ये अरुण खेत्रपाल न हलणाऱ्या खडकासारखा उभा राहिला. समोरच्या बाजूने दिलेली ही साक्ष आहे. तिकडे या लढाईला बडा पिंडची लढाई म्हणतात, शोधताना ते नावही टाकून बघा.

त्याच्या आठवणीच्या जागा कुठे कुठे आहेत?

खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड होते ते मैदान खेत्रपाल परेड ग्राउंड. टीव्हीवर दरवर्षी बघता ते तेच, ज्या अकादमीतून तो निघाला तिथली पोरं आता त्याच्या नावाच्या मैदानावरून बाहेर पडतात. डेहराडूनच्या आयएमएत त्याच्या नावाचं ऑडिटोरियम आहे. 2023 ला अंदमान-निकोबारमधल्या 21 बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात एक त्याचं. दिल्लीला नॅशनल वॉर मेमोरियलच्या परम योद्धा स्थळावर बाकीच्या परमवीरांबरोबर त्याचाही अर्धपुतळा आहे, तिथे सहज जाता येतं, तिकीट नाही.

नगरला जाऊन तो टँक बघता येतो का?

फामागुस्ता लढाईनंतर परत मिळाला, दुरुस्त केला आणि नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. हा लष्करी परिसर आहे, त्यामुळे थेट त्या टँकपर्यंत जायचं तर आधी चौकशी करून परवानगीचं विचारा. त्याच सेंटरचं रणगाडा संग्रहालय मात्र सगळ्यांसाठी खुलं आहे, 1994 पासून, तिथे जुने जुने देशोदेशीचे टँक आहेत, सेंच्युरियन आहे आणि युद्धात पकडलेला पॅटनही आहे. पोरांना घेऊन जा, आधी सेंच्युरियन दाखवा, मग पॅटन, आणि मग तिथेच उभं राहून शंभर मीटर किती होतात ते चालून दाखवा. सोबत ओळखपत्र ठेवा, आणि उन्हाळ्यात शक्यतो सकाळीच जा, दुपारी नगरचं ऊन सोसवत नाही.